सावलीसाठी गॉगल

गॉगल ही वस्तू आमच्या घरात कधीच सभ्य मानली गेली नाही. गॉगल घालावा तो सिनेमातल्या नटाने, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने, नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने. या तिघांखेरीज चौथ्या कुणी डोळ्यांवर काळी काच चढवली, तर तो काहीतरी लपवतो आहे, असं आमच्या आजीचं ठाम मत. आणि तो चौथा माणूस बाईमाणूस असेल तर मग विचारायलाच नको. अशा घरातल्या मुलीने एका वर्षात तीन गॉगल विकत घ्यावेत आणि वर त्यावर कॉलेजच्या अंकात लेख लिहावा, याला धार्ष्ट्यच म्हणायला हवं. पण ते मी करते आहे, कारण या तीन गॉगलांनी मला जे शिकवलं ते मला कुठल्याही पेपरात लिहिता येणार नाही.

त्याचं असं झालं. मी फणसोपहून कॉलेजला सायकलने येते. मैत्रिणी स्कुटीवरून भुर्रकन पुढे जाताना हात हलवतात आणि मी घंटी वाजवून त्यांना उत्तर देते. सायकल आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. या दांड्याच्या सायकलवरून त्यांनी तीसएक वर्षं वाड्यावाड्यांतून टपाल वाटलं. ते निवृत्त झाले आणि सायकल माझ्याकडे आली. वडिलोपार्जित इस्टेटीतला माझा वाटा मला असा लवकरच मिळाला, असं मी गमतीने म्हणते.

माझा रस्ता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाडीतून आधी सड्यावर चढायचं. सडा ओलांडला की उतार. उतार संपला की भाट्याचा किनारा, सुरूचं बन, मग पूल. पुलाखाली काजळी नदीची खाडी, डाव्या हाताला समुद्र. पूल संपला की राजिवडा आणि तिथून रत्नागिरी. म्हणजे एका तासाच्या आत उघडा कातळ, दाट झाडी, वाळू आणि पाणी असे चार प्रकारचे उजेड माझ्या डोळ्यांवरून जातात. तेव्हा हे मला कळत नव्हतं. तेव्हा मला फक्त ‘ऊन’ एवढा एकच शब्द ठाऊक होता.

आणि ऊन तरी कसलं! आपली रत्नागिरी सतरा अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा बिचाऱ्याला ढगांतून कुणी विचारत नाही. पावसाळ्यात हिरवागार असलेला सडा दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि मार्चमध्ये नुसता कातळ उरतो. तिथे सावली म्हणजे विजेच्या खांबाची. काठीएवढी रुंद. त्या सड्यावरून डोळे किलकिले करून जाताना माझ्या कपाळाला आठ्या पडत आणि कॉलेजात पोचल्यावर मैत्रिणी विचारत, “काय गं, कुणावर चिडलीस?”

म्हणून शेवटी मी जत्रेतल्या एका दुकानातून ऐंशी रुपयांना गॉगल घेतला. निवडण्याची माझी पद्धत अगदी साधी होती. जो सर्वांत काळा तो सर्वांत चांगला. दुकानदाराने आरसा पुढे धरला, मी स्वतःला पाहिलं आणि मला कुठली तरी परदेशी सायकलपटू दिसली. घरी आजीने पाहिलं आणि विचारलं, “अगो बाय, डोळे आले काय तुझे?”

पहिले चार दिवस मात्र राजेशाही गेले. सडा एकदम शांत झाला. ऊन होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी गावात पडल्यासारखं. पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास मी सडा ओलांडून उताराला लागले. त्या उतारावर एका वळणाला आंबे-फणस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेले आहेत. रोजची जागा. मी त्या सावलीत शिरले आणि रस्ता नाहीसा झाला. ही अतिशयोक्ती नव्हे. दिवा विझल्यावर माजघर दिसेनासं होतं तसा रस्ता दिसेनासा झाला. मी ब्रेक दाबेपर्यंत कशाला तरी धडकले होते आणि कानांवर टोपली पडल्याचा आवाज आला.

ती एक म्हातारी मासेवाली होती. चढ चढून वाडीकडे निघालेली. दैव बलवत्तर म्हणून तिला माझं हँडल नुसतं घासून गेलं. ती रस्त्याकडेला बसली, पण तिची पाटी उलटली आणि बांगडे मातीत लोळले. माझा गुडघा फुटला होता. मी गॉगल काढला तेव्हा पहिल्यांदा ती मला नीट दिसली. हिरवं लुगडं, पांढरे केस, घासलं गेलेलं कोपर. एवढी मोठी बाई, भर रस्त्यात, भर सकाळी मला दिसली नव्हती.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या गॉगलकडे बघत म्हणाली, “उनात दिसाक व्हया म्हणून घातलंस नि सावलीत आंधळी झालीस काय गो?” आम्ही दोघींनी मिळून बांगडे गोळा केले. मी पैसे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. “धुतले का होतील बरे,” म्हणाली. तिचं ते वाक्य मात्र माझ्या गुडघ्याच्या खपलीपेक्षा जास्त दिवस टिकलं.

याच सुमारास घरात दुसरी एक गोष्ट चालली होती. आप्पांचा उजवा डोळा कायम लाल असे. नाकाच्या बाजूने एक गुलाबीसर पातळ पडदा पुढे सरकत सरकत बुबुळावर चढला होता. आप्पा म्हणायचे, “धूळ गेली असेल.” ही धूळ सहा वर्षं जात होती! शेवटी दिसायला अडचण होऊ लागली तेव्हा मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि विचारलं, “धंदा काय?” आप्पा म्हणाले, “टपाल वाटायचो.” “सायकलवरून?” “हो.” “टोपी, चष्मा काही?” आप्पा हसले. “टोपी होती. ती वाऱ्याने उडायची.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऊन, वारा आणि धूळ यांत वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी काम करणाऱ्यांना हा विकार होतो, आणि विषुववृत्ताच्या जवळच्या मुलखांत तो अधिक आढळतो. डोळ्याला छळतो तो दिसणारा उजेड वेगळा, आणि न दिसणारे अतिनील किरण वेगळे. मोतीबिंदू लवकर येण्यालाही त्या किरणांचा हातभार लागतो. ते नुसते वरूनच येत नाहीत. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के पुन्हा आपल्या तोंडावर फेकतो. मला भाट्याचा किनारा आठवला. आप्पा तीस वर्षं त्या कडेने गेले होते. ऑपरेशन झालं, पडदा काढला, त्या जागी त्यांच्याच डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचा लहानसा तुकडा बसवला. निघताना डॉक्टर म्हणाले, “हा परत येऊ शकतो. आता उन्हात चांगला गॉगल घातल्याशिवाय जायचं नाही.”

चांगला गॉगल! म्हणजे कुठला? त्याआधीच्या माझ्या ज्ञानाप्रमाणे सर्वांत काळा. पण त्या ज्ञानाने एक म्हातारी रस्त्यावर पाडली होती.

मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना गाठलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू मराठीची ना? मग उजेडाशी तुझं काय काम?” मी सगळी हकिकत सांगितली. सरांनी फळ्यावर एक आकडा लिहिला, १००. “हा सड्यावरचा उजेड समज. तुझी काच त्यातले ९० भाग अडवते. डोळ्याला मिळाले १०. डोळा त्या १० ला सरावला. आता तू झाडाखाली गेलीस. दाट झाड दहातले नऊ भाग सहज अडवतं. राहिले किती?”

“एक,” मी म्हणाले.

“म्हणजे शंभरातला एक. बाहुली मोठी व्हायला थोडा वेळ लागतो, आणि डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला तर मिनिटं लागतात. उतारावर तुझी सायकल ताशी २५ किलोमीटरने तरी जात असेल. म्हणजे एका सेकंदात सात मीटर. तेवढ्यात तुझी म्हातारी येऊन गेली.”

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या साध्या भागाकारात माझा गुन्हा बसत होता.

मग सरांनी आणखी सांगितलं ते थोडक्यात लिहिते, कारण माझ्यासारख्या ‘काळा तो चांगला’ पंथाचे लोक पुष्कळ असतील. उन्हाच्या चष्म्यांच्या काचांचे शून्य ते चार असे पाच वर्ग मानतात. शून्य म्हणजे जवळजवळ पांढरी काच. दोन नंबरची काच १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, तीन नंबरची ८ ते १८ टक्के. चार नंबरची फक्त ३ ते ८ टक्के. ती बर्फाळ डोंगरांवर जाणाऱ्यांसाठी, आणि ती घालून गाडी चालवायची नाही असा दंडक आहे. चांगल्या चष्म्याच्या काडीवर आतल्या बाजूला हा नंबर बहुधा छापलेला असतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही. पॉलिकार्बोनेटची पांढरी काचसुद्धा ते किरण अडवते. उलट काच नुसतीच काळी असली आणि ते अडवत नसली, तर काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार अधिकच उघडं मिळतं. म्हणजे कुलूप लावल्याचं सोंग करून दार सताड टाकल्यासारखंच!

“उत्तरेकडचे इन्यूट लोक बर्फातल्या चकाकीवर काय करायचे ठाऊक आहे?” सरांनी विचारलं. “हाडाची नाहीतर लाकडाची पट्टी घ्यायचे आणि तिला एक बारीक चीर पाडायचे. काच नाही, रंग नाही. लागतो तेवढाच उजेड आत.” हे ऐकून मला कपाळावर आडवा हात धरून समुद्राकडे बघणारी आमची आजी आठवली. तीही तेच करत होती. फक्त त्याला गॉगल म्हणत नव्हती.

एवढी शिदोरी घेऊन मी चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार गृहस्थ सज्जन निघाले. त्यांच्याकडे एक छोटं यंत्र होतं. त्यात त्यांनी आधी माझा जत्रेतला गॉगल धरला. अतिनील किरणांचा बराचसा भाग त्यातून खुशाल पार जात होता. ‘यूव्ही ४००’ असं चिकटवलेलं लेबल मात्र झोकात चमकत होतं. ते म्हणाले, “स्वस्त म्हणजे खोटंच असं नाही हो. पुष्कळ साधे गॉगल या परीक्षेत पास होतात. पण लेबल कुणीही चिकटवू शकतो. म्हणून यंत्र.”

मग रंगांचा बाजार सुरू झाला. राखी काच सगळे रंग जसेच्या तसे ठेवते, फक्त मंद करते. हिरवीही साधारण तशीच, डोळ्याला थंड. पिवळी काच ढगाळ दिवशी आणि धुक्यात बरी, पण कडक उन्हात तिचा उपयोग नाही. तपकिरी काच निळा उजेड जास्त गाळते, त्यामुळे खड्डा आणि रस्ता, खडी आणि डांबर यांतला फरक उठून दिसतो. उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी काचही त्यांनी दाखवली. मी अगदी हुरळले. हीच माझी काच! पण ते गृहस्थ खरं बोलणारे होते. म्हणाले, “ताई, हिला सावलीत पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात. तुमचं वळण दोन सेकंदांचं. शिवाय ही थंडीत जितकी काळी होते तितकी उकाड्यात होत नाही. आपल्याकडे उकाडाच जास्त.”

सर्वांत शेवटी त्यांनी पोलराइज्ड काच माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “दाराबाहेर जाऊन उभ्या गाडीच्या काचेकडे बघा.” मी पाहिलं. गाडीच्या काचेवरची चकाकी पुसल्यासारखी गेली आणि आतलं गणपतीचं चित्र दिसू लागलं. गॉगल आडवा फिरवला, चकाकी परत आली. मी दहा वेळा फिरवला असेल. शेजारच्या दुकानातला पोरगा माझ्याकडे संशयाने बघू लागला.

याचंही कारण मी नंतर सरांना विचारलं. पाण्यासारख्या सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या उजेडाची कंपनं बरीचशी आडवी असतात. ही काच आडवी कंपनं अडवते, उभी सोडते. १९२९ साली एडविन लँड याने अशा पातळ पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे तो चष्म्यांत आला. त्याच्याही आधीची एक गोष्ट सरांनी रंगवून सांगितली. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपहून ‘नार्कुंडा’ या बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ मानीत. रामन यांनी डोळ्याला निकोलचा लोलक लावला, तो फिरवून पाण्यावरची चकाकी घालवली आणि पाहिलं. प्रतिबिंब गेलं तरी निळाई तशीच. उलट अधिकच गहिरी. निळाई पाण्याची स्वतःची होती! बोट मुंबई बंदरात आली तेव्हा या विषयावरचं त्यांचं पत्र ‘नेचर’ या नियतकालिकासाठी तयार होतं. त्याच वाटेवर पुढे १९२८ सालचा शोध आणि १९३० सालचं नोबेल पारितोषिक आहे. आपण चकाकीला वैतागून डोळे मिटतो. त्या माणसाने चकाकी बाजूला सारून आत काय आहे ते पाहिलं.

आता निवड. शिकवणीचे साठवलेले माझ्याकडे अठराशे रुपये होते. पोलराइज्ड काच मला वेड लावत होती. पण मी माझा रस्ता आठवला. पहिल्या पावसात उतारावरचं डांबर कुठे ओलं, कुठे तेलकट, हे मला त्याच्या चकाकीवरूनच कळतं. ती चकाकीच पुसली गेली तर? शिवाय ते आंब्या-फणसांचं वळण होतंच. सड्यावर तीन नंबरची गडद काच सुखाची, हे खरं. पण मला गॉगल काढायला त्या वळणावर हात मोकळा नसतो. मी दुकानदारांना म्हटलं, “दोन नंबरमधली, तपकिरी, न फुटणारी, कडेने वारा अडवणारी द्या. पोलराइज्ड नको.” ते जरा चकित झाले. “ऊन तर कडक आहे ताई, थोडी गडद नको?” मी म्हणाले, “उन्हात मी डोळे थोडे बारीक करीन. मला सावलीत दिसायला पाहिजे.”

हे वाक्य माझं नव्हतं. ते त्या मासेवालीचं होतं. मी फक्त त्याला नंबर लावला होता.

माझा गॉगल साडेपाचशेला पडला. उरलेल्यांत पोलराइज्ड काच बसत होती, तीन नंबरची, राखी. ती आप्पांसाठी घेतली. आप्पा आता सायकल चालवत नाहीत. ते संध्याकाळी भाट्याला फिरायला जातात, आणि मावळतीच्या समुद्राची ती आरशासारखी तिरीप त्यांच्या नव्या डोळ्याला सोसत नाही. एकाच घरातली माणसं आणि एकच ऊन, पण काचा दोन.

आप्पांनी तो आठ दिवस कपाटात ठेवला. “टपालवाल्याने गॉगल घातला तर लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “तुम्ही आता टपालवाले नाही.” हे बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचा चेहरा उतरला. शेवटी आजीने तोडगा काढला. ती म्हणाली, “घाल रे बाबा. डॉक्टरानं सांगितलंय ना? औषध समजून घाल.” गॉगलला औषधाचा दर्जा मिळाला आणि आमच्या घरात तो एकदाचा सभ्य झाला.

एका रविवारी मी आप्पांना घेऊन पुलावर गेले. ओहोटीची वेळ, ऊन पाण्यावर पसरलेलं. आप्पांनी गॉगल चढवला आणि कठड्याला टेकून खाली पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तळाची वाळू दिसते गो. वळ्या पडल्यात वाळूला.” जरा थांबून पुन्हा म्हणाले, “इतकी वर्षं गेलो इकडून. मला वाटायचं, पाणी म्हणजे नुसता उजेडच.” मला काही सुचेना. मी सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजवली.

परवा परीक्षेला येताना उतारावर होते. वळणाच्या आधी वेग कमी केला. तीही सवय त्या पडण्याने लागली. गॉगल कितीही चांगला असला तरी ब्रेकचं काम तो करत नाही. सावलीत शिरले. सावली जराशी गडद झाली, पण रस्ता जागेवर होता, खड्डे जागेवर होते, आणि वीस-पंचवीस पावलांवर हिरवं लुगडं चढ चढून येत होतं. मी अलीकडेच उतरले आणि सायकल बाजूला घेतली. म्हातारी जवळ आली, पाटी सावरत थांबली, माझ्या डोळ्यांवरच्या नव्या काचेकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली,

“आज दिसलंय काय गो मी?”

“दिसलात,” मी म्हणाले. “लांबूनच दिसलात.”